छातीत ठोका चुकल्यासारखा वाटला तर : पहिल्यांदाच अनुभवणाऱ्यांसाठी

गेल्या पावसाळ्यात एका रात्री सव्वाअकराला भाच्याचा फोन आला. तो लातूरहून स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्यात आलेला. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, दिवसभर अभ्यासिकेत असतो. "मावशी, माझं हृदय मधेच थांबतंय. आत्ता परत थांबलं."

मी त्याला आधी बसायला सांगितलं. मग विचारलं, छातीत दुखतंय का? दम लागतोय का? डोळ्यांपुढे अंधारी आली का? तिन्हींना त्याने "नाही" म्हटलं, तेव्हा माझाही जीव भांड्यात पडला. हे तीन प्रश्न मला पाठ आहेत, कारण एकेचाळिसाव्या वर्षी मी स्वतः यातून गेले आहे. तेव्हा मला विचारणारं कोणी नव्हतं आणि मी तीन आठवडे नुसती भीत राहिले. मी डॉक्टर नाही. पण त्या तीन आठवड्यांत मला जे माहीत असायला हवं होतं आणि पुढे डॉक्टरांकडून जे शिकले, ते भाच्याला सांगितलं तसंच इथे क्रमाने लिहिते आहे.

सगळ्यात आधी : आत्ता धोका आहे का?

ठोका चुकल्याची भावना एकटी आली की सोबत आणखी काही घेऊन आली, हे पहिल्यांदा बघा. छातीत दुखणं किंवा दाब, जबड्यात, हातात, पाठीत पसरणारी कळ, दरदरून घाम, बसल्या जागी दम लागणं, चक्कर येऊन पडणं किंवा क्षणभर शुद्ध हरपणं, किंवा अचानक सुरू झालेली आणि काही केल्या न थांबणारी जोराची धडधड. यातलं काहीही असेल तर पुढचं वाचत बसू नका. १०८ ला फोन करा. मधुमेह असलेल्यांमध्ये आणि बायकांमध्ये छातीतली कळ ठळक नसूही शकते. नुसता दम आणि घाम हेही पुरेसं कारण आहे.

स्वतः स्कूटर काढून निघू नका. शुद्ध हरपली तर रस्त्यावर काय होईल याचा विचार करा. पेठांमधल्या बोळांत गाडीला घर सापडायला वेळ लागतो, म्हणून फोनवर जवळची ठळक खूण सांगा आणि कोणाला तरी मोबाइलचा टॉर्च लावून कोपऱ्यावर उभं करा. पुणे स्टेशनजवळच्या ससूनमध्ये तातडीचा विभाग रात्रंदिवस सुरू असतो. जवळ दुसरं मोठं रुग्णालय असेल तर तिथे जा. "गॅस झाला असेल" म्हणून ओवा चावत, सोडा पीत तास घालवणं मी आमच्या घरात पाहिलं आहे. तो तास परत मिळत नाही.

यातलं काही नसेल, नुसता अधूनमधून एखादा ठोका चुकल्यासारखा वाटत असेल, तर आता शांतपणे पुढे वाचा.

ठोका चुकत नाही, तो लवकर येतो

हे कळलं त्या दिवशी माझी निम्मी भीती गेली, म्हणून इथे जरा थांबते.

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो, त्याला सायनस नोड म्हणतात. प्रत्येक ठोक्याची सूचना तिथून सुटते. बसलेल्या माणसाची नाडी साधारण ६० ते १०० च्या मध्ये असते. मिनिटाला ७० धरले तरी दिवसाचे एक लाखाच्या वर ठोके होतात.

गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोलपथकांचा सराव चालतो, तिथे कधी उभे राहिला असाल. ताशा ताल देतो आणि ढोल त्याच्यामागून चालतात. मधेच एखाद्या नव्या मुलाचं टिपरू घाईने आधी पडतं. मग तो गोंधळून क्षणभर हात आवरतो आणि पुन्हा तालात शिरताना जरा जोरातच मारतो. हृदयातही हेच होतं. सायनस नोडऐवजी दुसऱ्याच एखाद्या जागेवरून ठिणगी उडते आणि ठोका वेळेआधी पडतो. तेव्हा हृदय पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो ठोका कमजोर असतो, कित्येकदा मनगटापर्यंत पोचतही नाही. त्यानंतर थोडी उसंत. त्या उसंतीत हृदयात नेहमीपेक्षा जास्त रक्त भरतं, आणि पुढचा ठोका ते सगळं एकदम ढकलतो. छातीत जी उसळी किंवा हिसका जाणवतो, तो बहुतेक वेळा हा पुढचा, अगदी चांगला ठोका असतो.

या आगाऊ ठोक्यांना डॉक्टर एक्टॉपिक म्हणतात. वरच्या कप्प्यातून आले तर पीएसी, खालच्या कप्प्यातून आले तर पीव्हीसी किंवा व्हीपीसी. रिपोर्टवर ही अक्षरं दिसली की घाबरू नका. चोवीस तास नोंद ठेवली तर निरोगी माणसांतही बहुतेकांत असे काही ठोके सापडतात. पुष्कळांना ते जाणवतच नाहीत, काहींना एकेक जाणवतो.

नाडी मोजायला शिका

घड्याळ समोर ठेवा. एका हाताचा तळवा वर करा. अंगठ्याच्या बुडाखाली मनगटावर दुसऱ्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट हलकेच टेका. अंगठा वापरू नका, त्याला स्वतःची नाडी असते आणि मोजताना घोळ होतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, पूर्ण ६० सेकंद मोजा. आकड्याइतकंच लक्ष तालाकडे द्या.

ताल एकसारखा चालला आहे आणि मधेच एखादी जागा रिकामी जाते, असं असेल तर तो बहुधा एक्टॉपिक. श्वास घेताना नाडी किंचित जलद आणि सोडताना किंचित संथ होत असेल तर ते तरुण माणसांत अगदी नेहमीचं आहे, त्याला आजार समजू नका. पण नाडीला तालच नसेल, एक ठोका जवळ, दुसरा लांब, तिसरा पुन्हा जवळ, जणू सगळं पथक आपापल्या मर्जीने वाजवतंय, तर ते वेगळं प्रकरण आहे. ते बहुधा एट्रियल फिब्रिलेशन असतं, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर. वय वाढेल तसं ते जास्त आढळतं आणि त्यात हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो. त्रास काहीच नसला तरी अशी नाडी लागली तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. घरातल्या साठीपुढच्या माणसांची नाडी महिन्यातून एकदा तरी बघावी असं मला मनापासून वाटतं. आईचा हात हातात घ्यायला तेवढंच निमित्त मिळतं.

कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आहे. त्यावर नाडी एकदम ३८ दिसली म्हणून धावपळ झालेली मला माहीत आहे. एक ठोका सोडून दुसरा आगाऊ पडत असेल तर ते यंत्र कमजोर ठोके धरतच नाही आणि आकडा निम्मा दाखवतं. मनगटावरच्या स्मार्टवॉचचंही तसंच, कारण ते चामडीवर प्रकाश टाकून नाडीचा अंदाज घेतं. ज्या घड्याळात ईसीजीची, म्हणजे हृदयाच्या विजेचा आलेख काढायची सोय आहे, त्याच्यावर ठोका जाणवत असतानाच ३० सेकंदांची नोंद घ्या आणि ती डॉक्टरांना दाखवा, त्याचा खरंच उपयोग होतो. घड्याळाने "सर्व ठीक" म्हटलं म्हणून मात्र डॉक्टरांकडे जाणं टाळू नका.

आणि एक कळकळीची विनंती. नाडी दिवसातून दोनदा बघा, त्याहून जास्त नको. मी दर दहा मिनिटांनी बघायचे. भीतीने ॲड्रेनलिन वाढतं, ॲड्रेनलिनने एक्टॉपिक वाढतात, ते वाढले की भीती वाढते. हे चाक एकदा फिरू लागलं की थांबवणं जड जातं.

दोन आठवडे एक वही ठेवा

माझ्या तेव्हाच्या वहीतलं अर्धं पान अजून आहे :

मंगळवार, सायंकाळी ६.१०. स्वारगेट, बसमध्ये उभी. दोन ठोके. बाकी काही नाही.
बुधवार, रात्री ११.४०. डाव्या कुशीवर पडले होते. सात-आठ. नऊला कॉफी घेतली होती.
गुरुवार. एकही नाही. सकाळी तळजाई टेकडीवर जाऊन आले.

एवढंच लिहायचं. वेळ, काय करत होतात, किती ठोके, सोबत काही त्रास होता का, त्याआधी काय खाल्लं-प्यायलं. "खूप धडधडतं हो डॉक्टर" यापेक्षा या तीन ओळी डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगतात. गुरुवारची ओळ तर फार महत्त्वाची ठरली. चढ चढताना, भरभर चालताना आगाऊ ठोके नाहीसे होत असतील तर ते सहसा निरुपद्रवी असतात. उलट श्रमाने वाढत असतील, पर्वतीच्या पायऱ्या चढताना धडधड आणि गरगर दोन्ही होत असेल, तर चढणं थांबवा आणि तपासणी लवकर करून घ्या.

कशाने वाढतात ते शोधा

भाच्याला मी दुसऱ्या दिवशी घरी बोलावलं आणि समोर बसवून दिवस विचारला. झोप साडेचार तास. अभ्यासिकेखालच्या अमृततुल्यात दिवसाला आठ चहा. मेसचा डबा दुपारी अर्धा परत. सर्दीसाठी चार दिवस मेडिकलमधून आणलेली गोळी. पाणी जेमतेम दोन बाटल्या. परीक्षा तीन आठवड्यांवर. मी त्याला रागावले नाही, त्या वयाची मुलं या शहरात अशीच जगतात. पण यातली प्रत्येक गोष्ट ठोके वाढवू शकते.

झोपेची उणीव आणि ताण यांना मी सगळ्यात वर ठेवीन. चहा-कॉफीचा परिणाम माणसागणिक बदलतो, कोणाला चार कपांनी काही होत नाही तर कोणाला एकाच कपाने रात्र जाते. एनर्जी ड्रिंक आणि जिमआधी घ्यायच्या पावडरीत कॅफिन भरपूर असतं, डब्यावरचं वाचा. दारू, सिगारेट, तंबाखू, आणि हो, मिश्री आणि तपकीरसुद्धा. निकोटिन कोणत्याही वाटेने गेलं तरी निकोटिनच.

औषधं लोक विसरतात. बंद नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांत फेनिलेफ्रिन किंवा त्याच जातीचं औषध असतं, त्याने धडधड होऊ शकते. दम्याच्या पंपातलं सॅल्बुटामॉल, थायरॉइडच्या गोळीचा जास्त झालेला डोस, लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या, यांनीही होतं. मात्र डॉक्टरांनी दिलेलं कोणतंही औषध मनाने बंद करू नका, नाव लिहून घ्या आणि विचारा.

जुलाब-उलट्यांनंतर किंवा नुसत्या चहावर काढलेल्या उपासानंतर शरीरातलं पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घटतं, आणि हृदयाच्या विजेचं काम या क्षारांवरच चालतं. इथे ज्येष्ठमधाबद्दल मुद्दाम सांगते. घसा बसला की आपण ज्येष्ठमधाची कांडी चघळतो. दोन दिवस ठीक आहे. पण गाणारी किंवा सतत बोलणारी माणसं महिनोन् महिने चघळत राहतात, आणि ज्येष्ठमध जास्त झालं तर पोटॅशियम कमी होतं आणि रक्तदाबही चढतो. घरगुती आहे म्हणून डॉक्टरांना ते कोणी सांगत नाही. सांगा. केळं आणि शहाळं पोटॅशियमसाठी चांगलं, पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

रक्त कमी असणं, थायरॉइड जास्त चालणं, ताप, गर्भारपण, पाळी जाण्याचा काळ, यांतही ठोके वाढतात. माझ्या बाबतीत हिमोग्लोबिन नऊ निघालं होतं. सगळ्यांना डबे भरून देणारी बाई स्वतः काय खाते, हे त्या दिवसापर्यंत मलाही कोणी विचारलं नव्हतं.

सगळं एकदम सोडू नका. एका आठवड्यात एक गोष्ट बदला, म्हणजे वहीत फरक दिसतो आणि कारण सापडतं. भाच्याने चहा आठवरून तीनवर आणला, तोही पाचच्या आत.

डॉक्टरांकडे कधी आणि कोणाकडे

तब्येत बाकी ठणठणीत असली आणि ठोके तुरळक असले तरी पहिल्यांदाच जाणवत असतील तर एकदा दाखवून या. आठवड्याभरात गेलात तरी चालेल. आधी नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे जा. सुरुवातीलाच हृदयरोगतज्ज्ञ गाठायची गरज बहुतेकांना नसते.

काहींनी मात्र लवकर, एक-दोन दिवसांतच जावं. ज्यांना आधीपासून हृदयविकार आहे, झडपेचा दोष आहे, ॲटॅक येऊन गेला आहे. ज्यांना धडधडीसोबत कधी गरगरलं आहे. ज्यांच्या घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं आहे. हे शेवटचं घरातल्या मोठ्यांना बसवून विचारावं लागतं. "काका पोहता पोहता बुडाला, पट्टीचा पोहणारा होता" अशा गोष्टी आपण दैव म्हणून सोडून देतो. हृदयाच्या विजेचे काही आनुवंशिक दोष पोहताना, धावताना उघडे पडतात. डॉक्टरांना ती गोष्ट जशीच्या तशी सांगा.

माझ्या फॅमिली डॉक्टरांनी वही वाचली, मग काही न बोलता माझं मनगट धरलं आणि डोळे मिटले. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. मिनिटभराने म्हणाले, "हा बघा, आला. तुम्हाला कळला?" मला कळला होता. माझ्या आतली ती गोष्ट दुसऱ्या कोणाच्या तरी बोटांना लागली, मी वेडी नव्हते, एवढ्यानेच मला रडू आलं. त्याआधी एका ठिकाणी मला चार प्रश्नही न विचारता तपासण्यांची लांबलचक यादी हातात दिली होती. तुमच्या बाबतीत तसं झालं तर प्रत्येक तपासणी कशासाठी, हे नम्रपणे पण नक्की विचारा.

तपासण्या

ईसीजी पहिला. तो करताना आगाऊ ठोका आला नाही तर पट्टी नॉर्मलच येते, कारण त्यात जेमतेम दहा सेकंदांची नोंद असते. म्हणून तो वाया गेला असं समजू नका, हृदयाच्या विजेची मुळातली घडण त्यात दिसते. ईसीजीचा थर्मल कागद काही वर्षांत फिका पडतो. माझा जुना ईसीजी प्लॅस्टिकच्या फायलीतून काढला तर पांढरा कागद उरला होता. ज्या दिवशी निघेल त्याच दिवशी त्याचा स्वच्छ फोटो काढून ठेवा.

रक्ताच्या तपासण्या साध्या असतात. हिमोग्लोबिनसाठी सीबीसी, थायरॉइडसाठी टीएसएच, आणि पोटॅशियम-मॅग्नेशियम. हृदयाचे स्नायू आणि झडपा बघायला टूडी इको. श्रमाने त्रास वाढत असेल तर पट्ट्यावर चालवून टीएमटी.

होल्टर म्हणजे चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तास छातीवर चिकटवलेल्या तारा आणि कमरेला छोटी डबी. अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर यांनी हे यंत्र बनवलं, तेव्हा ते पाठीवर वाहून न्यावं लागे. आता साडीखाली दिसतही नाही. लावायच्या आधी अंघोळ करा, पुढे मिळत नाही. त्या दिवशी सुट्टी घेऊन पडून राहू नका, रोजचा दिवस जगा, बस, जिने, ऑफिस, सगळं. ठोका जाणवला की वेळ लिहा. माझ्या होल्टरमध्ये सहाशेहून जास्त आगाऊ ठोके निघाले. मी लिहिले होते एकोणीस. त्यातल्या तीन वेळांना तर पट्टीवर साधा, नियमित ठोका होता. मन इतकं कान लावून बसलं होतं.

रिपोर्टमध्ये एकूण ठोक्यांपैकी किती टक्के आगाऊ आहेत ते दिलेलं असतं. सहाशे म्हणजे एक टक्काही नाही. पीव्हीसी साधारण दहा टक्क्यांच्या वर गेले आणि तसेच राहिले तर हृदयाचा स्नायू हळूहळू थकू शकतो, म्हणून अशांना इको करून नियमित तपासत राहतात.

उपचार

हृदयाची घडण चांगली आणि ठोके थोडे, तर बहुतेकदा औषध देत नाहीत. यात हेळसांड नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत कास्ट (CAST) नावाचा अभ्यास झाला. ॲटॅक येऊन गेलेल्या रुग्णांचे आगाऊ ठोके औषधाने दाबले तर ती माणसं वाचतील, असा अंदाज होता. ठोके कमी झाले, पण त्यांतली काही औषधं घेणाऱ्यांमध्ये मृत्यू वाढले. १९८९ मध्ये ते निष्कर्ष आले, आणि तेव्हापासून नुसता ठोका घालवण्यासाठी औषध देताना डॉक्टर हात राखून असतात. त्रास फार असेल तर बीटा ब्लॉकर गटातली, म्हणजे ॲड्रेनलिनचा हृदयावरचा जोर कमी करणारी गोळी देतात. दमा असेल तर ती घेण्याआधी सांगायलाच हवं. ठोके खूपच असतील तर ते ज्या ठिकाणाहून उठतात ती जागा मांडीच्या शिरेतून तार नेऊन निकामी करतात, त्याला ॲब्लेशन म्हणतात. ते हृदयाच्या विजेचे दोष बघणाऱ्या खास हृदयरोगतज्ज्ञांचं काम आहे.

रात्री

तपासण्या ठीक आल्या तरी ठोके रात्री येतातच. दिवसा शहराचा गोंगाट असतो, रात्री उशीत कानाखाली स्वतःचीच नाडी वाजते. डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला आणखी टेकतं, म्हणून जास्त जाणवतं. उजव्या कुशीवर वळा. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास राहू द्या, कारण भरलेलं पोट आणि आम्लपित्तही धडधड जाणवून देतं. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटं. बोटं मनगटाकडे जायला लागली की दोन्ही हात पोटावर ठेवा.

भाच्याचा ईसीजी, टीएसएच आणि इको चांगले आले. परीक्षेआधीच्या आठवड्यात ठोके पुन्हा सुरू झाले. त्याने मला फोन केला तो रात्री पावणेदहाला. मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "दुखत नाही, दम नाही, अंधारी नाही. चार आले, वहीत लिहिलेत. आता झोपतो, मावशी."